ऐकलेली कादंबरी दुय्यम नव्हे

'स्टार वॉर्स'च्या कादंबऱ्या ऑडिओबुकवर ऐकणाऱ्याला दोन्ही बाजूंनी बोल लावला जातो. साहित्याचा गंभीर वाचक म्हणतो, सिनेमाच्या नावावर खपणारी ही पुस्तकं, यांना कादंबरी कशाला म्हणायचं? ज्याला ही पुस्तकं चालतात तोही पुढे विचारतो, पण तू ती ऐकलीस ना, वाचलीस कुठे? हा दुहेरी पूर्वपक्ष मला मुळीच मान्य नाही. शिवाय माझं म्हणणं नुसतं 'ऐकणंही चालतं' इतकं माफक नाही. या जातीच्या कादंबरीला कान फार मानवतो, आणि तिच्यातल्या काही गोष्टी ऐकतानाच नीट उमगतात.

आधी ऐकण्याचा आक्षेप. ब्रिटनमध्ये 1935 साली पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी 'बोलकी पुस्तकं' सुरू झाली. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांत जोसेफ कॉनरॅडची 'टायफून' होती आणि अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'ही होती. म्हणजे बोलक्या पुस्तकांच्या पहिल्याच खेपेत अभिजात आणि लोकप्रिय शेजारी शेजारी बसले. त्या सैनिकांनी कॉनरॅड 'वाचला नाही' असं कुणी म्हणू धजेल का? आपल्याकडे तर हा आक्षेप उभाच राहू नये. चातुर्मासात पोथी लावली जायची तेव्हा वाचणारा एक असायचा आणि बाकी घर ऐकायचं. त्या घरातल्या निरक्षर आजीला कुणीही पोथीपासून वंचित मानलं नाही.

संशोधनही फारसं वेगळं सांगत नाही. बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये एकाच पुस्तकाचा भाग काहींना वाचायला दिला, काहींना ऐकवला आणि काहींना दोन्ही एकदम करायला लावलं. आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. 2019 मध्ये फातमा डेनिझ आणि सहकाऱ्यांनी त्याच गोष्टी वाचताना आणि ऐकताना मेंदूत काय घडतं ते तपासलं. शब्दांच्या अर्थाचे मेंदूवरचे नकाशे जवळपास सारखे निघाले.

उलट बाजूचाही पुरावा आहे आणि तो लपवण्याची मला गरज वाटत नाही. 2010 च्या एका प्रयोगात मजकूर पॉडकास्टवर ऐकलेल्या विद्यार्थ्यांना तोच मजकूर वाचलेल्यांपेक्षा चाचणीत कमी गुण मिळाले. अभ्यासाचा मजकूर मागे-पुढे जाऊन, खुणा करत वाचावा लागतो. कानाला ते जड जातं, हे खरंच. पण कादंबरी एका ओघात पुढे जाते आणि तिचा निवेदक तो ओघ सांभाळतो. भांडी घासताना, लोकलमध्ये उभं असताना ती ऐकता येते, ऑफिसचा मेल लिहिताना येत नाही. तेवढा विवेक श्रोत्यानं करायला हवा. दीडपट वेगानं ऐकण्यालाही माझा विरोध आहे. अभिवाचनात विराम हा मजकुराइतकाच बोलतो आणि घाईत पहिला बळी त्याचाच जातो.

आता दुसरा, अधिक तुच्छतेनं घेतला जाणारा आक्षेप: ही पुस्तकं म्हणजे सिनेमाच्या खेळण्यांसारखाच विकाऊ माल. टिमथी झान यांची 'एअर टू द एम्पायर' 1991 मध्ये आली तेव्हा 'रिटर्न ऑफ द जेडाय' प्रदर्शित होऊन आठ वर्षं उलटली होती. पडद्यावर नवं काहीच नव्हतं, त्यामुळे ही कादंबरी जाहिरात करणार तरी कशाची? झान पदार्थविज्ञान शिकलेले, 1984 मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळवलेले लेखक. त्यांनी या विश्वाला ग्रँड अ‍ॅडमिरल थ्रॉन दिला, मारा जेड दिली. साम्राज्याच्या राजधानीला 'कोरुसांट' हे नाव दिलं आणि 1999 च्या 'द फँटम मेनस'नं ते पडद्यावर उचललं. थ्रॉन तर 2023 च्या 'असोका' मालिकेत हाडामांसाचा होऊन अवतरला. इथे कादंबरी सिनेमाच्या मागे फरफटत गेली नाही, उलट सिनेमाच तिच्याकडे आला.

दुसऱ्याच्या विश्वात लिहिलं म्हणजे प्रतिभा कमी, हा समज मराठी माणसानं तरी बाळगू नये. रघुनाथ पंडितांनी नल-दमयंतीचं आख्यान रचलं तेव्हा कथा महाभारतातली होती, श्रोत्यांना ती पाठ होती आणि शेवट सगळ्यांना ठाऊक होता. कवीचं कसब सांगण्यात होतं. आख्यानपरंपरेनं शतकानुशतकं हेच केलं: ओळखीचं विश्व घ्यायचं आणि त्यातला एक कोपरा असा उजळायचा की श्रोत्याला तो नव्यानं दिसावा.

एक फरक आहे आणि तो गंभीर आहे. नल-दमयंती कुणाच्या मालकीचे नव्हते. 'स्टार वॉर्स' एका कंपनीच्या मालकीचं आहे. एप्रिल 2014 मध्ये लुकासफिल्मनं जुन्या सगळ्या कादंबऱ्यांवर 'लेजंड्स' असा शिक्का मारून त्या अधिकृत कथेबाहेर काढल्या. पहिल्या सिनेमाची कादंबरी त्याचे दिग्दर्शक लुकास यांच्या नावानं 1976 मध्ये आली, पण ती अ‍ॅलन डीन फॉस्टर यांनी लिहिली होती. 2020 मध्ये आपलं मानधन थकल्याची तक्रार त्यांना जाहीरपणे करावी लागली. या व्यवस्थेचा मला मनापासून राग येतो. पण हा दोष कराराचा आणि मालकीचा आहे. लेखकावर अन्याय झाला म्हणून त्याचं लेखन हलकं ठरवणं म्हणजे त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणं.

खंडन एवढं पुरे. कान या कादंबऱ्यांना मानवतो असं मी का म्हणतो, ते आता सांगतो.

'स्टार वॉर्स' हे जितकं पाहण्याचं तितकंच ऐकण्याचं विश्व आहे. सिनेमाचे ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी डार्थ व्हेडरचा श्वास पाणबुड्याच्या श्वसनयंत्रातून घडवला, लाइटसेबरचा गुंजारव सिनेमाच्या प्रोजेक्टरच्या मोटरीतून आणि टीव्हीच्या खरखरीतून काढला. डोळे मिटले तरी हे विश्व ओळखू येतं. म्हणूनच 1981 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओवर त्याचं तेरा भागांचं श्रुतिनाट्य होऊ शकलं. लुकास यांनी त्याचे हक्क अवघ्या एका डॉलरला दिले आणि संहिता लिहिली ब्रायन डेली यांनी. हे डेली कोण? हान सोलोवर तीन कादंबऱ्या लिहिलेले लेखक, म्हणजे ज्यांना मालाचे कारागीर म्हणून हिणवलं जातं त्यांच्यापैकीच एक. दोन तासांच्या सिनेमाला त्यांनी कानासाठी विस्तारलं आणि पडद्यावर ज्याला जागा नव्हती ते पात्रांचं आयुष्य त्यात भरलं.

झान यांच्या कादंबरीत तर कान आणखी जवळचा ठरतो, कारण थ्रॉन हा बोलणारा, विचार करणारा खलनायक आहे. व्हेडर गळा आवळतो. थ्रॉन समजावून सांगतो. पहिल्याच प्रकरणात तो शत्रूजमातीच्या कलाकृती न्याहाळतो, त्यांतून तिच्या मनातली आंधळी जागा हेरतो आणि नेमकी तीच वापरून लढाई जिंकतो. शेजारी कॅप्टन पेलिऑन आहे, साशंक, अनुभवी, प्रश्न विचारणारा. जवळपास सगळा थरार संवादात आहे. पानावर घाईचा वाचक लढाईकडे धावतो. ऑडिओबुकचे निवेदक मार्क थॉम्पसन यांच्या आवाजात ती धाव घेता येत नाही. त्यांचा थ्रॉन आवाज चढवत नाही, आणि त्या शांतपणामुळे पेलिऑनबरोबर आपणही अवघडून थांबतो, पुढच्या वाक्याची वाट बघतो. एक माणूस डझनावारी पात्रं उभी करतो, एकेकाला वेगळा श्वास देतो. ही कला आहे, आणि तिचं समीक्षण पुस्तकाच्या समीक्षणाइतक्याच गांभीर्यानं व्हायला हवं.

ऑडिओबुकात वाचनामागे सिनेमातलं जॉन विल्यम्स यांचं संगीत आणि यानांचे आवाज पेरल्यामुळे कल्पनाशक्ती आळशी होते, असंही म्हणतात. कुठे कुठे संगीत वाक्यावर चढतं, तिथे मलाही ते खटकतं. पण आवाज चित्र दाखवत नाही. दार सरकल्याचा ध्वनी आला तरी ते दार, त्यामागची खोली, आत आलेल्याचा चेहरा श्रोत्यालाच रचावा लागतो.

संक्षिप्त आवृत्तीबद्दल मात्र विरोधकांशी माझं भांडण नाही. 1991 मध्ये 'एअर टू द एम्पायर' कॅसेटवर आली ती कापून, सुमारे तीन तासांत. वाचणारे डेनिस लॉसन, सिनेमात वेज अँटिलीस साकारलेले उत्तम नट. पण पूर्ण कादंबरीला सुमारे तेरा तास लागतात. एवढं कापल्यावर घटना उरतात आणि थ्रॉनची कारणं जातात. कारणांशिवाय थ्रॉन हा नुसता जिंकत जाणारा सेनापती. ऐकलेलं पुस्तक अर्धवटच असतं हा समज त्या कॅसेटच्या काळात रुजला असेल तर ते स्वाभाविकच होतं. 2011 नंतर तो बाळगायला कारण उरलेलं नाही, कारण कादंबरीच्या विसाव्या वर्षी थॉम्पसन यांनी तिचं संपूर्ण वाचन केलं आणि ते आजही मिळतं. आक्षेप घेणाऱ्यानं त्यातलं पहिलं प्रकरण मूळ वेगात, शेवटपर्यंत ऐकावं. पेलिऑनच्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर त्याला छापील पानावर जास्त चांगलं कळलं असतं, ते त्यानं मग सांगावं.