अलार्म वाजला, पोलीस का येत नाहीत?

१ ऑक्टोबर २०२४पासून सिएटल शहरात घराचा किंवा दुकानाचा अलार्म नुसता वाजला म्हणून पोलिसांची गाडी निघत नाही. कॅमेऱ्यात कुणी दिसलं, आवाज ऐकू आला, कुणी डोळ्यांनी पाहिलं किंवा आतल्या माणसाने संकटाचं बटण दाबलं, तरच पोलीस येतात. इथल्या मराठी मंडळींमध्ये यावरून बरीच चिडचिड झाली. ‘मग दर महिन्याला पैसे भरतो ते कशासाठी?’ हा राग मला समजतो. पण तो पोलिसांवर काढण्यात अर्थ नाही.

२०२३मध्ये सिएटल पोलिसांकडे अलार्मचे सुमारे १३ हजार कॉल आले. त्यातल्या चार टक्क्यांहूनही कमी ठिकाणी खरोखर गुन्हा निघाला. इतर शहरांतही हेच चालतं. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या एका मार्गदर्शिकेत खोट्या अलार्मचं प्रमाण ९४ ते ९८ टक्के दिलं आहे. अशा प्रत्येक फेरीत बहुधा दोन पोलीस सुमारे वीस मिनिटं अडकतात. त्याच वेळी शहरात दुसरीकडे एखादी बाई मार खात असते आणि तिच्याकडे जायला गाडी मोकळी नसते.

हे खोटे अलार्म वाजवतं कोण? बहुतेक वेळा घरातलीच माणसं. आमच्या शेजारी भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या काकू पहाटे तुळशीला पाणी घालायला मागचं दार उघडून बाहेर गेल्या आणि घर किंचाळायला लागलं. लगेच अलार्म कंपनीचा फोन आला. पलीकडची मुलगी भराभर इंग्रजीत सांकेतिक शब्द विचारत होती. काकूंना तो शब्द कुणी सांगितलाच नव्हता. हातात तांब्या घेऊन त्या थरथरत उभ्या होत्या. गणपतीत छताला बांधलेल्या माळा हीटरच्या वाऱ्याने हलल्या, तरी सेन्सरला माणूस आल्यासारखं वाटू शकतं.

सेन्सरकडून इशारा जातो तो कंपनीच्या केंद्राकडे, आणि ते कित्येकदा दुसऱ्याच राज्यात असतं. तिथून घरमालकाला फोन, मग ९११ला, आणि मग पोलिसांच्या रांगेत नंबर. चोर तोवर थांबत नाही. कपाट उचकटून निघून जायला त्याला काही मिनिटं पुरतात. कंपन्यांना हे पुरेपूर ठाऊक आहे. तरीही ग्राहकाचा समज असा होऊ दिला जातो, की अलार्म वाजला की पोलीस दारात. पोलिसांचं येणं ही कंपनीची मालमत्ता नाही. गाडीचा खर्च सगळं शहर कराच्या पैशातून देतं, अलार्म नसलेला भाडेकरूसुद्धा. म्हणून खातरजमा करण्याचं काम कंपनीनेच केलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. सॉल्ट लेक सिटीने २०००च्या अखेरीस हाच नियम केला, तेव्हा पोलिसांच्या अलार्मच्या फेऱ्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्या.

आपल्या लोकांची धास्ती मात्र उगाच नाही. भारतीय घरात सोनं असतं, हे इथल्या चोरांनाही कळलं आहे. आशियाई कुटुंबांना हेरून त्यांची घरं लुटणाऱ्या एका टोळीच्या म्होरक्या बाईला २०१९मध्ये मिशिगनच्या फेडरल कोर्टाने ३७ वर्षांची शिक्षा दिली. लग्नातलं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, हे मी ओळखीच्या प्रत्येक घरी सांगते. गावाला जाताना शेजाऱ्याला किल्ली आणि फोन नंबर देऊन जा. खिडकी फुटलेली पाहून त्याने ९११ला केलेला फोन पोलिसांच्या लेखी सेन्सरपेक्षा कितीतरी वजनदार असतो.

आणि आई-वडील आले, की पहिल्याच दिवशी त्यांना संकटाचं बटण दाखवा, हाताने दाबून कसं वाटतं ते कळू द्या, पण त्याआधी कंपनीला फोन करून चाचणी चालू असल्याचं सांगा. सांकेतिक शब्द मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवा.