खबरेविना खबरदारी

दक्षता, सतर्कता, सावधगिरी, खबरदारी हे शब्द समानार्थी म्हणून शिकवले जातात. ते तसे नाहीत. दक्षतेत कौशल्य आहे, सतर्कतेत तर्क, सावधगिरीत अवधान. हे ज्याचे त्याने जोपासायचे. फारसीतून आलेला 'खबरदार' म्हणजे मात्र ज्याच्याजवळ खबर आहे तो. आणि खबर दुसऱ्याने द्यावी लागते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढावे लागले. डब्यात बसलेल्याने कोणती खबरदारी घ्यायची होती? तरीही पावसाळा आला की अंबरनाथ-बदलापुरात आवाहन होते, 'नागरिकांनी खबरदारी घ्यावी.' खबर न देता खबरदारी मागणे ही भाषेची ढिलाई नव्हे. ते जबाबदारी झटकणे आहे. भाषा शिकवणाऱ्यांनी तरी हा भेद पुसू नये.