पांढरी एकचं गाणं काळी एकला

मागच्या एप्रिलमध्ये मी एका हळदीला मोऱ्याला गेले होते. मोरा म्हणजे उरणचं बंदर. पनवेलहून रस्त्यानं जाता येतं, पण मी हौसेनं भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडली. (कधी गेलात तर भरती-ओहोटी बघून निघा. पूर्ण ओहोटीला गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाही.)

हळद म्हटल्यावर डीजे आलाच. आई-बाबांनो, लगेच पान उलटू नका! मलाही त्या दणदणाटाचा राग येतो. म्हणूनच मी मांडवाच्या मागच्या बाजूला जाऊन बसले, तर नेमका डीजेवाला दादा तिथेच. एक कान हेडफोनमध्ये, दुसरा उघडा, आणि ओठ हलताहेत. मला वाटलं गाणं म्हणतोय. जवळ जाऊन ऐकलं, तर तो आकडे मोजत होता!

आपल्याकडे डीजे म्हणजे भिंतीएवढे स्पीकर असाच समज आहे. खरं तर डीजे हा माणूस असतो. डिस्क म्हणजे तबकडी आणि जॉकी म्हणजे घोडेस्वार. तबकड्यांवर स्वार झालेला तो डिस्क जॉकी. हे नाव आधी अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांना मिळालं. आपल्याकडे हा मान अमीन सायानींचा. १९५२ साली रेडिओ सिलोनवर त्यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सिलोनवर का? तर तेव्हाचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर, म्हणजे आपले पुण्याचेच, त्यांना सिनेमाची गाणी मानवत नसत. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपारच झाली होती. मग सायानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत आणि तो कोलंबोहून आपल्या घरात येई. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीनंच ‘विविध भारती’ काढली. तुमच्या आजोबांना विचारा, गीतमालेच्या दिवशी रेडिओजवळ कशी गर्दी व्हायची!

रेडिओवरचा डीजे दोन गाण्यांच्या मध्ये बोलतो. नाचाचा डीजे ती मधली जागाच पुसून टाकतो. नाचणाऱ्यांना कळताच कामा नये की एक गाणं संपलं आणि दुसरं लागलं. पाय थांबले की डीजे नापास.

ही विद्या वाढली कशी? ११ ऑगस्ट १९७३ ची गोष्ट. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात एका मुलीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे जमवायला तिनं इमारतीच्या सभागृहात तिकीट लावून पार्टी ठेवली. गाणी लावायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ. त्याचं टोपणनाव कूल हर्क. गाण्यात फक्त ताल वाजतो तो तुकडा आला की मुलं जास्त नाचतात, हे त्यानं हेरलं होतं. पण तो तुकडा काही सेकंदांत संपायचा. मग तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावू लागला. इकडचा तुकडा संपला की तिकडचा सुरू, तोवर इकडची तबकडी मागे फिरवायची. रॅपचं, हिपहॉपचं मूळ लोक या पार्ट्यांपर्यंत नेतात.

आता आमच्या मोऱ्याच्या दादाचे आकडे. समजा, चालू गाण्यात मिनिटाला १२० ठोके आहेत आणि पुढच्यात १२६. तर चालू गाणं हळूहळू ५ टक्के पळवायचं. करा गणित, बरोबर १२६ येतात. मग दोन्हींचे ठोके एकावर एक बसवायचे आणि बत्तीस मोजून पहिलं गाणं हळूच काढून घ्यायचं. यात एक गोम आहे. तबकडी जोरात फिरवली की सूरही चढतो. ६ टक्के पळवलीत तर अर्धा स्वर वर, म्हणजे पांढरी एकचं गाणं काळी एकला जातं आणि गायकाचा आवाज बारीक होतो. आता कॉम्प्युटर वेग आणि सूर वेगळे धरू शकतो, पण फार ताणलं तर आवाज तरीही बिघडतो.

“आणि कोळीगीतं?” मी विचारलं. दादा हसला. “तिथंच तर कस लागतो! बऱ्याच गाण्यांचा ठेका सहाचा, झुलता. क्लबचं गाणं चारचं. सरळ जोडलं की माणसं एकमेकांच्या पायावर पाय देतात.”

त्याला खात्री आहे की आपल्या भाषेतलं गाणं जगात कुठेही नाचवता येतं. त्याचा पुरावा क्रेटेक्स, म्हणजे कृणाल घोरपडे हा आपला मराठी डीजे. त्यानं श्रेयस सागवेकरबरोबर ‘तांबडी चामडी’ हे मराठी गाणं क्लबच्या ठेक्यावर केलं आणि २०२४ साली हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं ते प्रसिद्ध केलं. खरं सांगू? शब्द मला फारसे भावले नाहीत. पण मराठी न कळणारी माणसंही त्यावर नाचली, हे कबूल करायलाच हवं.

एवढ्यात दादाची आई चहा घेऊन आली. “सोयरे विचारतात, पोरगा काय करतो? मी काय सांगू, बटणं फिरवतो?” तिचं म्हणणं खोटं नाही. लग्नसराई संपली की पावसाळ्यात हातावर हात. मशीन भाड्याचं. सुरुवातीची दोन वर्षं दादानं फक्त वायरी गुंडाळल्या आणि स्पीकर उचलले. आईला त्याची कुठेतरी कायमची नोकरी हवी आहे. दादा गप्प राहिला. मीही मध्ये बोलले नाही.

मी वेगळंच विचारलं, “कानांचं काय?” त्यानं खिशातून कानात घालायचे बोळे काढून दाखवले. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास हीच कानांची मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं! कानाच्या आतल्या बारीक केसांच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, आणि ज्याचे कान गेले तो मोजणार काय? स्पीकरला खेटून नाचणाऱ्या पोरांना तो दर थोड्या वेळानं मागे हाकलत होता. ती पुन्हा येत होती.

रात्री दहाला त्यानं आवाज बंद केला. कायदाच आहे तसा. पोरं “अजून एक, अजून एक” ओरडली, पण त्यानं वायर काढली. मग मांडवात शांतता झाली आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या धवलारीणबाईंनी धवला सुरू केला. वाद्य नाही, माईक नाही. दादा त्यांच्या पायाशी जाऊन बसला. ओठ हलत होते. थोड्या वेळानं तो माझ्याकडे वळून पुटपुटला, “मोजता येत नाही हो. सहातही बसत नाही, चारातही नाही.”

त्यानं मोबाईल पुढे धरला. “आजी, टेप करू का?”

“कर की,” आजी म्हणाल्या, “पण माझा आवाज बारीक करू नको.”