लोहाराची नाममुद्रा

हिंदी कारागिराने आपल्या कृतीवर आपले नाव कधी घातले नाही आणि यातच त्याचे मोठेपण आहे, हे मत आमच्या सुशिक्षित वर्गात इतके रूढ झाले आहे की, त्यास पुराव्याची गरज आहे असेही कोणास वाटत नाही. डॉ. आनंद कुमारस्वामी यांनी १९०९ साली 'द इंडियन क्राफ्ट्समन' हा ग्रंथ लिहिला आणि पुढे अनेक निबंधांतून अनामिक कारागिराचा गौरव केला. त्यांची विद्वत्ता आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांच्या मागून आलेल्यांनी त्या गौरवाचा एक सोयीस्कर नियमच करून टाकला. एखाद्या लोहाराने आपण घडविलेल्या हातोड्यावर स्वतःचा ठसा उमटवावा असे कोणी सुचविले की, लगेच उत्तर मिळते : "ही पाश्चात्त्यांची अहंता, आपल्या परंपरेत ती नाही." हे उत्तर इतिहासास धरून नाही आणि न्यायासही धरून नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम इतिहास पाहू. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षांचा आहे. सहा टनांहून अधिक वजनाचे हे लोखंड ज्यांनी तापवून, ठोकून, सांधून एकजीव केले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्यावर नाही. पण म्हणून स्तंभ निनावी आहे काय? त्यावर चंद्र नावाच्या राजाची संस्कृत प्रशस्ती स्वच्छ कोरलेली आहे. तेव्हा कृतीवर नाव घालणे हे आपल्या परंपरेस वर्ज्य होते असे मुळीच नाही; प्रश्न एवढाच होता की, नाव कोणाचे घालावयाचे. जेथे कारागिरास संधी मिळाली तेथे त्याने ती सोडलेली नाही. बेलूरचे होयसळ मंदिर १११७ साली उभारावयास घेतले. तेथील मूर्तींखाली बळ्ळिगावीचा दासोज आणि त्याचा पुत्र चावण यांची नावे आजही वाचता येतात. सोमनाथपूरच्या मूर्तींवर मल्लितम्माचे नाव आहे. विजापूरची मलिक-इ-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली. तिच्यावरील फारसी लेखात तिच्या रूमी कर्त्याचे नाव आहे. दगड आणि काशाचे काम करणाऱ्यांस हे साधले, तर लोखंडाचे काम करणाऱ्यानेच विरक्त का राहावे?

राहता राहिला अहंतेचा आरोप. तो करणाऱ्यांनी आपल्याच संतकवींकडे एकदा पाहावे. 'मी'पणा टाकून देण्याचा उपदेश ज्यांनी जन्मभर केला, त्यांनीच अभंगाच्या शेवटच्या चरणात आपले नाव गुंफले, आणि आम्ही साहित्याचे अभ्यासक त्यास 'नाममुद्रा' म्हणतो. मुद्रा म्हणजे ठसाच. आपले अभंग सालोमालो स्वतःच्या नावावर खपवितो याबद्दल तुकोबांनी तक्रार केली, तेव्हा त्यांच्या वैराग्यास उणेपणा आला असे कोणी म्हणत नाही. कवीची मुद्रा ती नम्रता आणि लोहाराची मुद्रा तो गर्व, हा न्याय कोठला? आणि हे बोलणाऱ्या आमच्या मित्रांपैकी किती जण आपला लेख मासिकात विनानाव छापू देतील, हे त्यांनीच सांगावे.

दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. गावात लोहार एकच. विळा कोणी केला हे ज्याला त्याला ठाऊक. मग ठशाची आवश्यकता काय? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गाव-गाडा' या ग्रंथात ज्या बलुतेदारीचे वर्णन आहे, तिच्यापुरता हा आक्षेप खरा आहे. लोहाराने कुणब्याची औते दुरुस्त करावी आणि सुगीला त्याबद्दल धान्य घ्यावे, अशा व्यवहारात कर्ता समोरच बसलेला असे. पण त्या व्यवस्थेतही त्याला हाक मारली जाई ती बहुधा जातीच्या नावाने. ज्याला आम्ही आज 'अनामिकता' असे भारदस्त नाव देतो, तिच्यात आध्यात्मिक निवड कितपत होती आणि इतरांनी त्याचे नाव विचारण्याची तसदी न घेणे किती होते, याचा हिशेब कोणी केलेला नाही. शिवाय आता हातोडा गावच्या भट्टीवरून थेट हातात येत नाही. तो पेठेतल्या दुकानातून येतो आणि त्यावर छाप असलाच तर व्यापाऱ्याचा असतो. कर्त्याचे नाव नको म्हणणारे आमचे तत्त्वज्ञ विक्रेत्याच्या नावाविरुद्ध मात्र एक अक्षर बोलत नाहीत.

ठसा म्हणजे पोकळ मिरवणे, असे ज्यांस वाटते त्यांनी तो कसा तयार होतो हे समजून घ्यावे. चांगल्या पोलादाची सळई लाल करून राखेत हळूहळू निववावी लागते, म्हणजे ती कोरण्याइतकी मऊ होते. टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. अक्षराच्या पोटातली पोकळी कोरणीने साधत नसेल, तर तेवढ्यासाठी आधी दुसरा लहान सुंबा घडवून तो ठोकावयाचा. मग चुंबक चिकटेनासा होईपर्यंत टोक तापवून ते तेलात बुडवावयाचे, आणि काचेसारखे ठिसूळ झालेले टोक गवती पिवळा रंग येईपर्यंत पुन्हा मंद तापवावयाचे. ज्या टोकावर घाव पडणार ते मात्र मऊच ठेवावयाचे, नाहीतर कपचे उडून डोळा जाईल. एवढे झाल्यावर, हातोड्याच्या तोंडास पाणी देण्यापूर्वी, तो लाल असताना त्याच्या बाजूवर एकाच घावात ठसा उमटवावा लागतो. ठसा क्षणभर अधिक टेकला तर त्याचेच पाणी उतरते. दुसरा घाव केसभर सरकला तर अक्षर दुहेरी होते. आणि या सर्व खटाटोपाचे फळ काय? हातोड्याचे तोंड फुटले किंवा दांड्याचे भोक तिरपे निघाले, तर तक्रार कोणाकडे न्यावयाची हे गिऱ्हाइकास कायमचे ठाऊक होते. स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने कोरून ठेवणे यास आम्ही अहंता म्हणत नाही, जबाबदारी म्हणतो.

ठशाची नक्कल होते, हेही खरे. नवव्या ते अकराव्या शतकांतील 'उल्फबर्ट' नावाच्या दीडशेहून अधिक तलवारी युरोपात सापडल्या असून, त्यांतील कित्येकांवर ते नाव चुकीच्या अक्षरांनी घातलेले आहे. पण नक्कल होते ती किंमत असलेल्या नावाचीच. यावर शेफील्डने उपाय केला तो ठसे बंद करण्याचा नव्हे. १६२४ सालच्या कायद्याने तेथे सुऱ्या-कात्र्या करणाऱ्यांचा संघ स्थापन झाला आणि ज्याचा त्याचा ठसा त्याच्या दप्तरी नोंदला जाऊ लागला. जपानातील मासामुने हा थोर कारागीर आपल्या तलवारींवर बहुधा नाव घालीत नसे, असे कोणी आम्हांस सांगेल. तेही सांगावेच, पण होनआमी घराण्यातील परीक्षकांना पुढे अशा निनावी पात्यांवर कर्त्याचे नाव सोन्याने जडवावे लागले, हेही सोबत सांगावे.

आज आमच्याकडे काय स्थिती आहे? १९९९ च्या भौगोलिक निर्देशनाच्या कायद्याने प्रदेशाच्या नावास संरक्षण मिळते. व्यक्तीचे नाव त्यात येत नाही. त्याच वर्षीच्या व्यापारचिन्हाच्या कायद्यान्वये एकटा लोहारही आपले चिन्ह नोंदवू शकतो; परंतु २०१७ च्या नियमांनी एका वर्गातील अर्जास ऑनलाइन ४,५०० रुपये शुल्क ठरविले, आणि रस्त्याकडेला पाल ठोकून विळे-खुरपी विकणाऱ्या घिसाड्यास ही रक्कम थोडी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत लोहार आहे आणि हातोडा व अवजारे करणारा असा स्वतंत्र व्यवसायही आहे. कारागिरास ओळखपत्र आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तीत तरतूद आहे. आमची सूचना साधी आहे : त्या अवजारांत प्रत्येकास त्याच्या स्वतःच्या नावाचा एक पोलादी ठसा द्यावा, आणि त्या ठशांची नोंदवही जिल्ह्याच्या ठिकाणी विनाशुल्क ठेवावी. कपाटातल्या ओळखपत्रावरील नाव गिऱ्हाइकास दिसत नाही, हातोड्यावरील दिसते.

एक प्रश्न मात्र आम्ही टाळू इच्छित नाही. घिसाड्यांच्या भट्टीवर सांडशी पुरुषाच्या हातात असते आणि घण पुष्कळदा त्याची स्त्री उचलते. ठसा एकाच्या नावाचा झाला, तर ज्या अन्यायाविरुद्ध आम्ही लिहीत आहोत तोच आम्ही एक पायरी खाली ढकलला असे होईल. तेव्हा घण मारणारीचे अक्षरही ठशात असले पाहिजे. एका सळईच्या टोकावर दोन अक्षरे सहज मावतात. राजाच्या प्रशस्तीस जर अख्खा स्तंभ मिळाला, तर या दोघांस हातोड्याची बोटभर जागा देण्यास कोणाची हरकत असावी, आणि असल्यास का, हे तिच्या कर्त्यांनी आपल्या सहीनिशी कळवावे.