मोपा ते दाबोळी: ४० किमी की ६५? गोव्याचे तिकीट काढण्याआधी हे वाचा

तिकिटावर 'गोवा' एवढेच पाहून पैसे भरत असाल तर जरा थांबा. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. मुरगाव तालुक्यातला जुना दाबोळी, त्याचा कोड 'जीओआय'. पेडणे तालुक्यातला मोपा, म्हणजेच मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, त्याचा कोड 'जीओएक्स'. मोपावरून जानेवारी २०२३ मध्ये विमानसेवा सुरू झाली. फरक एका अक्षराचा, पण चूक झाली तर विमान चुकते.

दोन्हींमधले अंतर नेटवर शोधले की अनेक साइट सुमारे ४० किमी दाखवतात. आकडा खोटा नाही, पण तो नकाशावर पट्टी ठेवून मोजलेला आहे. काही साइट त्याला ताशी ८०० किमीने भागून 'विमानाने ३ मिनिटे' असेही सांगतात! असे विमान अर्थातच नाही.

रस्त्याने हेच अंतर ६० ते ६५ किमी भरते. कारण मध्ये नद्या आहेत आणि पूल आहेत तिथूनच जावे लागते. दाबोळीहून निघालात की कुठ्ठाळीला जुवारी, पणजीला मांडवी, कोलवाळला शापोरा. नवा जुवारी पूल झाल्यापासून तिथली जुनी रखडपट्टी बरीच कमी झाली. धारगळहून मोपाला जाणारा जोडरस्ताही चांगला आहे. खरी अडचण पणजी-पर्वरी-म्हापसा पट्ट्यात. रस्ता मोकळा मिळाला तर दीड तास, संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवसांत दोन तासांहून अधिक धरा.

आता समजा, तुम्ही मोपाला उतरणार आणि पुढचे विमान दाबोळीहून आहे. सामान मिळायला अर्धा तास, रस्त्याला दोन तास, आणि देशांतर्गत विमानाचे चेक-इन काउंटर सहसा तासभर आधी बंद होते. सुरक्षा तपासणीची रांग वेगळीच. चार तासांचे अंतर कागदावर पुरते, पण आमच्या मते पाच तासांखाली जोखीम घेऊ नये. दोन्ही तिकिटे स्वतंत्र काढली असतील तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही.

मग कोणता निवडायचा? मडगाव, वास्को, कोळवा, पाळोळे या बाजूला जायचे असेल तर दाबोळी. हरमल, मोरजी, मांद्रे असेल तर मोपा. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गच्या चाकरमान्यांसाठी तर प्रश्नच नाही, कारण मोपा महाराष्ट्राच्या हद्दीला लागूनच आहे. दाबोळीचे तिकीट पाच-सातशे रुपयांनी स्वस्त दिसले तरी सावंतवाडीपर्यंतच्या टॅक्सीत ती बचत केव्हाच संपते.

पणजीकरांना मात्र दोन्ही जवळपास सारखेच पडतात, दाबोळी थोडा जवळ. तिथे भाडे आणि विमानाची वेळ पाहून ठरवा. दाबोळी हा नौदलाचा तळ असल्याने सकाळच्या काही तासांत नागरी उड्डाणांवर मर्यादा असतात, हेही लक्षात असू द्या.

आणि परतीचे तिकीटही एकदा उघडून पाहा. जाताना मोपा, येताना दाबोळी असे स्वस्त जोडतिकीट बुकिंग ॲप सहज पुढे करते. टॅक्सीवाल्याला नुसते 'एअरपोर्ट' न सांगता विमानतळाचे नाव सांगा.