मशीन बिघडलेलं नाही, कुलूप बदललंय

'मशीन बिघडलं' हे वाक्य कचेऱ्यांमध्ये फार सहज बोललं जातं, आणि मला त्याचा राग येतो. 'या मुलाला गणित येत नाही' असं म्हणणाऱ्यांचा शाळेत यायचा, अगदी तसाच. नक्की काय येत नाही, बेरीज की हातचा, हे बघायची तसदी कुणी घ्यायचं नाही.

आजचा विषय झेरॉक्स मशीनचा. (कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे ते 'झेरॉक्स'च!) निवृत्तीनंतर मी एका लहानशा संस्थेच्या कचेरीत मदतीला जाते. तिथे वयस्कर मंडळी पेन्शनचे, बँकेचे, वारसाचे कागद घेऊन येतात. मशीनवर कागद ठेवला की त्याची प्रत कॉम्प्युटरमधल्या फोल्डरमध्ये जाते, नाहीतर थेट ईमेलने. नवा कॉम्प्युटर आला आणि हे फोल्डरमध्ये जाणं बंद पडलं. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "बाई, नवीन मशीन घ्या. नाहीतर जुनं एसएमबी-१ चालू करतो आणि फोल्डर सगळ्यांना उघडा ठेवतो. पासवर्डची कटकटच नको."

मला दोन्ही उपाय मान्य नाहीत. का, ते सांगते.

एसएमबी म्हणजे नेटवर्कवर फाइल देण्याघेण्याची एक ठरलेली रीत. तिची पहिली आवृत्ती १९८०च्या दशकातली. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला, तो याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांचं कामकाजही त्याने विस्कळीत झालं. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या प्रतींमध्ये ही आवृत्ती आपोआप बसवणं बंद झालं. म्हणजे कुलूप कुणी खोडसाळपणाने बदललेलं नाही. चोरी झाली म्हणून बदललं. मग मशीनसाठी पुन्हा जुनं कुलूप लावायचं, आणि आत कुणा विधवेच्या पेन्शनचे कागद ठेवायचे? आपले स्वतःचे कागद असते तर चाललं असतं का?

आता बिघाड शोधण्याचं बघू. एकदा स्कॅन पेनड्राइव्हवर घेऊन पाहावा. तो आला, तर मशीनचे डोळे शाबूत आहेत. मग टपालवाल्यासारखे तीनच प्रश्न विचारायचे: पत्ता बरोबर आहे का, ओळख पटते का, आत जायची परवानगी आहे का?

पत्ता: राउटर बंद करून चालू केला की कॉम्प्युटरचा आयपी पत्ता कधी कधी बदलतो. मशीन बिचारं जुन्याच घराची कडी वाजवत बसतं. तो पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवावा.

ओळख: इथे सर्वात जास्त घोळ होतो. रोज आपण कॉम्प्युटर चार आकडी पिनने उघडतो. पण नेटवर्कवरून येणाऱ्याला पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. यावर उत्तम तोड म्हणजे मशीनसाठी कॉम्प्युटरवर वेगळं साधं खातं काढायचं, त्याला चांगला पासवर्ड द्यायचा आणि त्या एकाच फोल्डरचा हक्क द्यायचा.

परवानगी: विंडोजमध्ये फोल्डरला दोन दारं असतात. एक 'शेअरिंग'चं, दुसरं 'सिक्युरिटी'चं. एक उघडं आणि दुसरं बंद असेल तर फाइल बाहेरच राहते.

आमच्याकडे अडलं होतं ते ओळखीपाशी. वेगळं खातं काढलं आणि काम सुरू झालं. नवीन मशीन नको, एसएमबी-१ नको.

प्रत्येक ठिकाणी इतकं सरळ होईलच असं नाही. २०२४च्या विंडोज ११ मध्ये (प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांत) प्रत्येक निरोपावर डिजिटल सही सक्तीची झाली, आणि काही जुन्या मशीनना ती करता येत नाही. मशीनचं सॉफ्टवेअर नवं करून जमलं तर उत्तम. नाहीच जमलं तर पेनड्राइव्हचा हेलपाटा घालावा. हेलपाटा त्रासाचा आहे, मान्य. पण तो आपल्या पायांना, दुसऱ्याच्या ठेवीला नाही.

ईमेलचीही तीच कथा. ३० मे २०२२ पासून गूगलने साध्या जीमेल खात्यांसाठी नुसतं नाव-पासवर्ड देऊन बाहेरच्या यंत्रांना आत घेणं थांबवलं. आता दुहेरी पडताळणी चालू करून सोळा अक्षरी 'अ‍ॅप पासवर्ड' घ्यावा लागतो आणि तो मशीनमध्ये भरावा लागतो. पोर्ट ५८७ किंवा ४६५. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की हा अ‍ॅप पासवर्ड रद्द होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आणि छोटी पत्रं जातात, मोठी जात नाहीत असं असेल तर मशीनला दोष देऊ नका. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. रंगीत ६०० डीपीआयऐवजी ३०० वर काळं-पांढरं करा, बहुतेक कागदांना तेवढं पुरतं.

त्या मुलाला मी दोष देत नाही. दिवसाला दहा ठिकाणी जायचं असतं, शिवाय मशीनच्या पडद्यावर 'कनेक्शन एरर' एवढंच येतं. चुकलेल्या उत्तरावर नुसती फुली मारून वही परत करणाऱ्या मास्तरांसारखं! कुठली पायरी चुकली ते सांगायला या कंपन्यांना काय होतं?

पण ते सुधारेपर्यंत आपण एक करू शकतो. मशीनशेजारी एक वही ठेवायची. आयपी पत्ता, फोल्डरचा मार्ग, खात्याचं नाव, पोर्ट, काय कधी बदललं आणि कुणी, हे सगळं त्यात. (पासवर्ड मात्र त्यात नाही, तो कपाटात कुलूपबंद.) आमच्या कचेरीत आता अशी दोनशे पानी वही आहे. सत्तरी ओलांडलेल्या बाईला जे तीन प्रश्न विचारता येतात, ते कुणालाही येतील. भाचेमंडळी, तुमच्या ऑफिसात ही वही आहे का हो? नसेल तर उद्याच घाला, कारण ज्याला सगळं तोंडपाठ आहे तो माणूस नेमका रजेवर असतो.