वरची वाट बंद

मोहर्लीचे गेट मंगळवारी बंद असते आणि ताडोब्याचे कोअर जंगल १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत पर्यटकांना बंद असते. या दोन्ही गोष्टी इथल्या पोरासोरांनाही पाठ असल्यामुळे जिप्सीवाले गाडीची दुरुस्ती मंगळवारी काढतात, गाईड मंडळी बँकेतली आणि कचेरीतली कामे त्याच दिवसावर ढकलतात, आणि पावसाळ्याचे तीन महिने ज्याला शेत आहे तो धानाच्या बांधीत उतरतो व ज्याला नाही तो दुसऱ्याच्या बांधीत. मनाई हुकमाशी या गावाचा असा वर्षानुवर्षांचा सलोखा आहे, कारण ज्या मनाईची तारीख आधी कळते तिच्या कडेकडेने माणूस आपला संसार बेतून घेतो. अलीकडे मात्र आमच्या गावाची एका निराळ्याच मनाईशी गाठ पडू लागली आहे; तिला वार नाही, मुदत नाही, आणि ती काढणारा अंमलदार समुद्रापलीकडे बसलेला असतो.

विमानाच्या तिकिटावर तारीख, वेळ, आसनाचा क्रमांक, सामानाचे वजन असे सगळे काही छापलेले असते. ज्या ज्या मुलखांच्या डोक्यावरून आपण जाणार त्यांची नावे तेवढी नसतात. आकाश हे वाऱ्यासारखे सर्वांचे आहे, अशी आपली भाबडी समजूत असते. पण ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराचे पहिलेच कलम सांगते, की प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण आणि अनन्य सत्ता आहे. आणि नववे कलम असाधारण प्रसंगी ते आकाश तात्पुरते बंद करण्याची मुभा देते. म्हणजे आपला सारा प्रवास हा वाटेवरल्या प्रत्येक राज्यकर्त्याच्या मर्जीवर अवलंबून असतो, आणि ती मर्जी शाबूत असते तोवर आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही.

या मनाईच्या इतिहासात आपल्या उपखंडाचा वाटा लहान नाही. पाकिस्तान आपल्या पश्चिम सीमेवरील निषिद्ध पट्ट्यातून भारतीय विमानांना काबूलकडे जाऊ देत नाही, अशी तक्रार भारताने १९५२ साली आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक परिषदेपुढे नेली होती, आणि ती सामोपचाराने मिटली. पुढे ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले ‘गंगा’ नावाचे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले व तेथे ते जाळले गेले. तेव्हा भारताने ४ फेब्रुवारीपासून आपले आकाश पाकिस्तानच्या विमानांना बंद केले. पूर्व आणि पश्चिम अशा दोन तुकड्यांत वसलेल्या त्या राष्ट्राला आपल्याच एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाण्यासाठी कोलंबोला वळसा घालावा लागला. हे प्रकरण थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेले, १९७२ साली तेथे अधिकारक्षेत्राविषयी निवाडा झाला, आणि विमाने पूर्ववत सुरू व्हायला १९७६ साल उजाडले. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २०१९ साली पाकिस्तानने बंद केलेला मार्ग त्या वर्षीच्या १६ जुलैपर्यंत पूर्णतः खुला झाला नव्हता. त्या वळशापायी एकट्या एअर इंडियाला जुलैच्या आरंभापर्यंत ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड पडल्याचे मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले होते. पहलगामच्या हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आणि ३० एप्रिलला भारताने परस्परांची विमाने पुन्हा रोखली. हा हुकूम मग एकेका महिन्याची मुदतवाढ देत, जुन्या कर्जाच्या रोख्यासारखा फिरवला गेला. दिल्लीहून अमेरिकेस जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना वा कोपनहेगनला उतरावे लागू लागले, आणि अल्माटी व ताश्कंद ही शहरे लहान विमानांच्या आवाक्याबाहेरच गेली.

हे सारे मी वर्तमानपत्रांतून, इतरांप्रमाणेच, चहाबरोबर वाचत होतो. नागपूर हे देशाच्या मध्यावरचे शहर. १९४९ साली रफी अहमद किडवाई यांच्या कारकिर्दीत रात्रीची हवाई टपाल सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांची विमाने मध्यरात्री सोनेगावच्या तळावर एकत्र येत आणि टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करून आपापल्या वाटेने परतत. सीमेपासून इतक्या दूरच्या शहरातून निघणाऱ्यास सीमेवरच्या भांडणांची झळ ती काय लागणार, असे आमच्या घरात सगळ्यांनाच वाटत होते.

२३ जून २०२५ ची ती सोमवारची रात्र. माझी भाची, जावईबापू आणि त्यांची शाळकरी मुलगी, ही जर्मनीत राहणारी मंडळी सुट्टीचे अखेरचे दिवस आमच्याकडे काढून नागपूरला निघाली होती. पहाटे विमान, दोह्याला बदल, आणि दुसऱ्या दिवशी घर, असा बेत होता. मी सोबत होतो. वरोरा मागे टाकून आम्ही जामच्या चौकात चहाला थांबलो, तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते, आणि जावईबापूंच्या फोनवर बातम्यांची रीघ लागली. आदल्या दिवशी अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर केलेल्या हल्ल्याचे प्रत्युत्तर म्हणून इराणने कतारमधील अल उदेद येथील अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे सोडली होती. त्याआधीच कतारने आपले आकाश बंद केले होते, आणि पाठोपाठ बहरीन व कुवेत यांनीही. दोह्याकडे येणारी नव्वदाहून अधिक विमाने वाटेतच अन्यत्र वळवावी लागली. थोड्याच वेळात दोह्याहून पुढे जाणारे आमच्या मंडळींचे उड्डाण रद्द झाल्याचाही निरोप आला.

“मामा, परत मोहर्लीला जायचं का?” असे भाचीने विचारले. घर आपले, माणसे आपली, स्वयंपाकघर आपले, तेव्हा परतण्याचा मोह स्वाभाविक होता. जावईबापूंनी मात्र तो नाकारला, आणि त्यांचे कारण मला आजही मोलाचे वाटते: मोहर्लीत फोनची रेंज केव्हा येईल आणि केव्हा जाईल याचा भरवसा नाही, आणि पुढचे काही तास फोन हेच आपले विमानतळ असणार आहे. म्हणून आम्ही नागपुरात धंतोलीला नातलगांकडे उतरलो. विमानतळावर जाऊन रांगेत उभे राहण्याचा आग्रह मी धरला, तोही त्यांनी मानला नाही. मुलगी रात्रभर बाकावर अवघडून बसण्यापेक्षा तिने पलंगावर झोपलेले बरे, एवढेच ते म्हणाले.

वास्तविक कतारचे आकाश काही तासांतच, तिथली मध्यरात्र उलटताच, खुले झाले. पण मनाई उठली म्हणजे वाहतूक सुरळीत झाली असे नव्हे. विमाने भलत्याच शहरांत उभी असतात, वैमानिकांच्या कामाचे तास कायद्याने संपलेले असतात, आणि प्रत्येक पुढचे विमान आधीच भरलेले असल्यामुळे अडकलेल्यांना त्यात मूठमूठ जागा मिळते. हे गणित ज्याला उमगत नाही तो ‘आकाश उघडले’ ही बातमी ऐकून उतावीळ होतो आणि नेमकी तेव्हाच चूक करतो: वैतागून स्वतःच तिकीट रद्द करतो. कंपनीने उड्डाण रद्द केले तर पैसे परत किंवा पर्यायी उड्डाण मागण्याचा हक्क प्रवाशाकडे राहतो. प्रवाशाने घाईघाईने आपणहून माघार घेतली, तर तो हक्क सोडून तो सामान्य रद्दबातलीच्या अटींत जाऊन पडतो. जावईबापू स्वस्थ बसले ते याच कारणाने. त्यांचे सारे टप्पे एकाच तिकिटावर होते, म्हणून पुढची सोय लावणे हे कंपनीचे काम ठरले. चार पैसे वाचवण्यासाठी प्रत्येक टप्प्याचे तिकीट निरनिराळे काढले असते, तर पहिली कंपनी म्हणाली असती की आम्ही दोह्याला पोचवतो, पुढचे तुमचे तुम्ही पाहा. म्हाताऱ्या माणसांना परदेशी मुलांकडे धाडताना तरी हे ध्यानी ठेवावे, त्यांची औषधे आठवडाभर जास्तीची आणि हातातल्या पिशवीत द्यावीत, व पोचण्याच्या दुसऱ्याच दिवशी बारसे वा मुंज ठेवू नये. आणि आपल्याकडे आलेल्या परदेशी पाहुण्याच्या व्हिसाची मुदत या गोंधळात संपत असेल, तर ती उलटण्याआधीच ऑनलाइन अर्ज करून टाकावा. नंतरची कैफियत फार खर्चाची असते.

अर्थात, पलंगावर झोपून काढलेल्या या अडचणीला संकट म्हणण्याची मला लाज वाटते. १९९० साली कुवेतमधून निघालेली माणसे वाळवंट ओलांडून अम्मानला पोचली, आणि तेथून एअर इंडियाच्या ४८८ फेऱ्यांनी सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना मुंबईला आणले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनचे आकाश बंद झाले तेव्हा कीव्हकडे निघालेले भारतीय विमान वाटेतूनच परतले, आणि आपली वैद्यक शिकणारी मुले थंडीत पायपीट करत शेजारच्या देशांच्या सरहद्दी गाठत राहिली; बुखारेस्टहून पहिले विमान २६ तारखेस मुंबईत उतरले तेव्हा त्यात २१९ जण होते. आमच्या मंडळींना काही दिवस उशीर झाला, मुलीची शाळा बुडाली आणि जावईबापूंची रजा बिनपगारी झाली, एवढेच.

पण हा उशीर, हा खर्च, शेवटी कोणाच्या माथी बसतो, याचा विचार मी त्या दिवसांत बराच केला. आकाश बंद करणारे राज्य कोणालाही भरपाई देत नाही. सार्वभौमत्वाचा तो विशेषाधिकारच आहे. विमान कंपनी असाधारण परिस्थितीचे कलम दाखवते आणि तिकिटाच्या किमतीपुरती आपली जबाबदारी मानते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नियमावलीही अशा प्रसंगी भरपाईचे बंधन तिच्यावर घालत नाही. विमा कंपनीच्या दस्तऐवजात बारीक अक्षरांत युद्धजन्य नुकसान बहुधा वगळलेले असते. प्रवासी चडफडतो, पण त्याच्या हाती निदान एक कागद असतो. त्याच्याही पलीकडे एक माणूस आहे, ज्याच्या हाती कागद नाही आणि ज्याचा युद्धाशी वा विमानाशी संबंध नाही: मोहर्लीच्या गेटवर पहाटे उभा असलेला गाईड.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षामुळे श्रीनगर, अमृतसर, चंदीगड, जोधपूर, राजकोट, जामनगर, भुज यांच्यासह उत्तर व पश्चिमेकडील ३२ विमानतळ काही दिवस बंद झाले. त्या यादीत नागपूर नव्हते. पण ताडोब्याचा खरा हंगाम एप्रिल-मेचा, पाणवठे आटले म्हणजे वाघ दिसतो तेव्हाचा. आणि पाहुणा ज्या गावाहून निघतो तिथलाच तळ बंद असेल, तर नागपूर उघडे असून काय उपयोग? सफारीचा परवाना नावनिशीवार, ओळखपत्राच्या क्रमांकासह असतो. तो ऐनवेळी गेटवरच्या दुसऱ्या कोणाला देता येत नाही. गाडी आत गेली तरच गाईडची मजुरी. आमच्या आळीतला जिप्सीवाला तेव्हा म्हणाला होता, “वरची वाटच बंद आहे म्हणते भाऊ, मग पाहुणे कोठून येते?” त्याच सुमारास, इथून फार दूर नसलेल्या भद्रावतीच्या आयुध निर्माणीत दारूगोळ्याचे काम वाढल्यामुळे कर्मचाऱ्यांच्या रजा रद्द झाल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. एकाच तालुक्यात, एकाच युद्धामुळे, एकाला श्वास घ्यायला उसंत नव्हती आणि दुसऱ्याला हाताला काम नव्हते. पहिल्याचा पगार ठरलेला होता, दुसऱ्याचा पाहुण्याच्या येण्यावर.

म्हणून वनखात्याच्या दफ्तरी एक साधी तजवीज व्हावी, असे मला सुचवावेसे वाटते. सरकारी हुकमाने विमानतळ वा आकाश बंद झाल्याचा दाखला पाहुण्याने रुजू केला, तर त्याचा परवाना त्याच हंगामातल्या वा पुढच्या हंगामातल्या दुसऱ्या तारखेस फिरवून द्यावा, आणि त्या दिवशीच्या गाईडची मजुरी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानच्या निधीतून भागवावी. रक्कम मोठी होणार नाही, कारण असे दिवस, सुदैवाने, अजून मोजकेच आहेत. यासाठी नवा कायदा नको. आरक्षणाच्या अटींत एका कलमाची भर पुरे, आणि कोअर बंद असताना पावसाळ्याचे तीन महिने कचेरीत बसून ते कलम लिहायला वेळही आहे.